शुक्राणूचे उसने प्रौढत्व

मानवी शरीरातील बहुतेक पेशी परिस्थिती बदलली की नवी प्रथिने घडवून तिला तोंड देतात. केंद्रकातील जनुकाची प्रत आरएनएच्या रूपाने बाहेर येते आणि पेशीद्रवातील रायबोसोम नावाचे सूक्ष्म कण त्या प्रतीनुसार अमिनो आम्लांची साखळी गुंफतात. शुक्राणूकडे ही सोय नसते. वृषणात त्याची घडण पूर्ण होत येते तेव्हा त्याचा डीएनए इतका घट्ट आवळला गेलेला असतो की त्यातील जनुके वाचताच येत नाहीत, आणि पेशीद्रवाचा बहुतांश भाग, त्यातील रायबोसोमांसह, शेजारच्या सर्टोली पेशी गिळून टाकतात. वृषण सोडताना शुक्राणूने नवे प्रथिन तयार करण्याची क्षमता जवळजवळ पूर्णपणे गमावलेली असते, आणि तरीही त्या क्षणी त्याला सरळ पोहता येत नाही, स्त्रीबीज ओळखता येत नाही, त्याच्याशी एकरूपही होता येत नाही. या तिन्ही गोष्टी त्याला नंतर साध्य होतात आणि त्या साध्य होतात त्या प्रथिनांतील बदलांमुळेच. प्रथिने घडवू न शकणाऱ्या पेशीची प्रथिने बदलतात कशी, हा प्रश्न प्रजननाच्या अभ्यासकांनी गेल्या शतकभरात टप्प्याटप्प्याने सोडवत आणला आहे, आणि त्याच्या उत्तराचा संबंध रुग्णालयात रोज छापल्या जाणाऱ्या वीर्यतपासणीच्या अहवालाशीही पोचतो.

माणसात मूळ जननपेशीपासून शुक्राणू तयार होण्यास सुमारे ७४ दिवस लागतात. त्यातील शेवटच्या काही आठवड्यांत, गोल दिसणारी साधी पेशी लांबट होते, तिला शेपूट फुटते आणि डोक्यावर अ‍ॅक्रोसोम नावाची विकरांनी, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनांनी, भरलेली पिशवी बसते. जनुके लवकरच बंद होणार असल्याने पेशीला पुढची तजवीज आधी करावी लागते; नंतर लागणाऱ्या कित्येक प्रथिनांचे आरएनए आधीच तयार करून ते अनेक दिवस निष्क्रिय अवस्थेत ठेवले जातात आणि वेळ येताच त्यांचे वाचन सुरू होते. अशा राखून ठेवलेल्या आरएनएंपैकी सर्वांत महत्त्वाचे आहेत ते प्रोटामिन या प्रथिनांचे.

प्रोटामिनचा शोध जवळजवळ डीएनएच्या शोधाइतकाच जुना आहे, किंबहुना तो त्याच माणसाचा आहे. स्विस वैज्ञानिक फ्रीडरिश मीशर याने १८६९ मध्ये ट्यूबिंगन येथे, जखमांच्या पट्ट्यांवरील पुवातून मिळवलेल्या पांढऱ्या पेशींच्या केंद्रकातून न्यूक्लिन नावाचा पदार्थ वेगळा केला, जो पुढे डीएनए म्हणून ओळखला गेला. नंतर बाझेलला परतल्यावर त्याने ऱ्हाईन नदीतून चढून येणाऱ्या सामन माशांचे शुक्राणू अभ्यासासाठी घेतले, कारण त्या पेशींत केंद्रकाखेरीज फारसे काही नसते, आणि १८७४ मध्ये त्यातून त्याला आम्लधर्मी न्यूक्लिनला बांधून ठेवणारा एक अल्कधर्मी पदार्थ मिळाला. त्याला त्याने प्रोटामिन हे नाव दिले. दहा वर्षांनी आल्ब्रेख्ट कोसेल याने हंसाच्या रक्तपेशींतून हिस्टोन ही प्रथिने वेगळी केली. शरीरातील इतर सर्व पेशींत डीएनएचा धागा हिस्टोनांच्या रिळांभोवती गुंडाळलेला असतो. शुक्राणूत मात्र ही रिळे काढून त्यांच्या जागी प्रोटामिन बसवले जाते. १९१० चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक कोसेलला पेशीरसायनातील ज्या कामासाठी मिळाले, त्यात या प्रथिनांच्या अभ्यासाचाही वाटा होता.

ही अदलाबदल एका झटक्यात होत नाही. प्रथम हिस्टोनांवर अ‍ॅसिटिल नावाचे रासायनिक गट चिकटवले जातात, त्यामुळे त्यांची डीएनएवरील पकड सैल होते. मग मध्यंतरीची म्हणून ओळखली जाणारी प्रथिने काही काळ त्यांची जागा घेतात आणि अखेर प्रोटामिन येऊन बसते. प्रोटामिनात आर्जिनिन या धनभारित अमिनो आम्लाचे प्रमाण प्रचंड असते, सामन माशाच्या प्रोटामिनात तर सुमारे दोन तृतीयांश, आणि डीएनएचा कणा फॉस्फेटमुळे ऋणभारित असल्याने दोहोंची गाठ इतकी घट्ट बसते की शुक्राणूतील डीएनए विभाजनाच्या वेळच्या गुणसूत्रांपेक्षाही कित्येक पट दाट होतो. सस्तन प्राण्यांच्या प्रोटामिनात याशिवाय सिस्टीन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल असते. शुक्राणू वृषणाबाहेर पडून पुढचा प्रवास करत असताना शेजारशेजारच्या सिस्टीनांमध्ये गंधकाचे बंध तयार होतात आणि आधी घातलेल्या गाठींवर जणू टाके पडतात. पित्याचा जनुकीय वारसा वीर्यातील आणि स्त्रीशरीरातील रासायनिक माऱ्यातून सुखरूप जातो तो बहुतांशी या आवळणीमुळे.

माणसाच्या शुक्राणूत ही अदलाबदल पूर्ण होत नाही, हे विशेष. सुमारे ८५ ते ९५ टक्के हिस्टोन काढले जातात, उरलेले तसेच राहतात. २००९ मध्ये अमेरिकेतील यूटा विद्यापीठातील गटाने दाखवले की हे उरलेले हिस्टोन सर्वत्र सारखे विखुरलेले नसून भ्रूणाच्या वाढीसाठी लागणाऱ्या जनुकांजवळ अधिक आढळतात. यावरून पिता आपल्या अपत्याला डीएनएबरोबर ‘कोणती जनुके आधी उघडायची’ याची खूणही पाठवतो, असा अर्थ काढला गेला. तो आकर्षक आहे, पण लोकप्रिय लेखनात त्यावर जेवढे मजले चढवले जातात तेवढा पाया अद्याप भरलेला नाही. फलनानंतर काही तासांतच स्त्रीबीज प्रोटामिन काढून टाकून आपले हिस्टोन बसवते, त्यामुळे पित्याकडील खुणांपैकी नेमके काय आणि किती टिकते, यावर मतभेद आहेत. याउलट प्रोटामिनाच्या प्रमाणाबद्दल संशयाला फारशी जागा नाही. माणसात प्रोटामिन-१ आणि प्रोटामिन-२ यांचे प्रमाण साधारणपणे सारखे असते, आणि अपत्यप्राप्तीत अडचण असलेल्या पुरुषांत ते बिघडलेले वारंवार आढळते. २००१ मध्ये उंदरांवर झालेल्या प्रयोगात यांपैकी कोणत्याही एका जनुकाच्या दोन प्रतींपैकी केवळ एक नाहीशी झाली तरी नर वंध्य झाले.

जाता जाता एक नोंद करण्याजोगी आहे. हृदयशस्त्रक्रियेत रक्त गोठू नये म्हणून दिलेल्या हेपॅरिनचा परिणाम शेवटी उतरवण्यासाठी जे प्रोटामिन सल्फेट टोचले जाते, ते परंपरेने सामन माशाच्या शुक्राणूंतूनच काढले गेले आहे; आणि डेन्मार्कच्या हान्स क्रिस्टियान हागेडॉर्न याने १९३६ मध्ये इन्सुलिनला प्रोटामिन जोडून त्याचा परिणाम लांबवला, त्या वाटेनेच पुढे एनपीएच इन्सुलिन आले, जे मधुमेहाचे असंख्य रुग्ण आजही घेतात.

वृषणातून निघालेला शुक्राणू अधिवृषणात शिरतो. वृषणाच्या मागच्या बाजूस चिकटलेला हा अवयव म्हणजे घड्या घालून बसवलेली एकच नळी असून ती उलगडली तर माणसात सुमारे सहा मीटर भरते. शीर्ष, मध्य आणि पुच्छ असे तिचे भाग पाडले जातात. शीर्षातून घेतलेले शुक्राणू जागच्या जागी वळवळतात, पुच्छातून घेतलेले सरळ पुढे पोहतात आणि फलनही करू शकतात. हा फरक कशामुळे पडतो यावर बराच काळ चुकीचे मत रूढ होते. विल्यम यंग याने १९३१ च्या सुमारास गिनीपिगांवरील प्रयोगांवरून असा निष्कर्ष काढला की शुक्राणू केवळ काळ गेल्याने पक्व होतो आणि अधिवृषण त्याला तेवढा वेळ थांबण्याची जागा देते. १९६७ मध्ये मायकेल बेडफर्ड आणि मारी-क्लेअर ऑर्जेबिन-क्रिस्ट यांनी सशांमध्ये अधिवृषणाची नळी निरनिराळ्या जागी बांधून पाहिली, तेव्हा शीर्षातच अडकून पडलेले शुक्राणू कितीही वेळ गेला तरी फलनक्षम झाले नाहीत. पुरेसा काळ त्यांना मिळाला होता. मिळाला नव्हता तो नळीच्या पुढच्या भागांचा सहवास.

त्या सहवासात काय घडते, हे आता बरेच कळले आहे. अधिवृषणाच्या भिंतीतील पेशी आपली प्रथिने नळीत सोडतात; काही विरघळलेल्या स्थितीत, तर काही एपिडिडिमोसोम नावाच्या, मेदाचे आवरण असलेल्या अतिसूक्ष्म पुटिकांतून. या पुटिका शुक्राणूच्या पटलाशी जुळल्या की त्यांतील प्रथिने शुक्राणूची होऊन जातात, आणि जे प्रथिन त्याच्या स्वतःच्या जनुकांनी त्याच्यासाठी कधी घडवले नाही ते त्याच्या पृष्ठभागावर मिरवू लागते. असे एक प्रथिन आहे बीटा-डिफेन्सिन १२६. ते साखरेच्या साखळ्यांनी लगडलेले असून शुक्राणूला बाहेरून दाट वेष्टन देते, आणि त्याच्या आधारे शुक्राणू गर्भाशयमुखाजवळच्या चिकट स्रावातून वाट काढतो. या प्रथिनाच्या जनुकातील दोन अक्षरांचा लोप जगभरातील लोकसंख्यांत बराच आढळतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार ज्या पुरुषांच्या दोन्ही प्रती अशा सदोष होत्या त्यांच्या शुक्राणूंची संख्या आणि चाल सर्वसाधारणच होती, परंतु त्या दांपत्यांत गर्भधारणेला अधिक काळ लागत होता आणि तिचे प्रमाणही कमी होते. सूक्ष्मदर्शकाखाली नीट दिसणारा शुक्राणू नीट असतोच असे नाही, याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा क्वचितच मिळेल.

काही प्रथिने मिळवावी लागतात, तर काही आधीपासून असलेली प्रथिने छाटावी लागतात. अ‍ॅडम-३ हे प्रथिन उंदराच्या शुक्राणूवर वृषणातच बसते, पण त्याचा एक तुकडा अधिवृषणात कापला जाईपर्यंत ते निरुपयोगी असते, आणि ते नसेल तर शुक्राणूला गर्भाशयातून बीजवाहिनीत प्रवेश मिळत नाही. ही छाटणी कोण घडवून आणते, हे २०२० मध्ये जपानमधील ओसाका विद्यापीठातील कियोझुमी, इकावा आदींच्या संशोधनातून उघड झाले. वृषणातील जननपेशी नेल-२ हे प्रथिन द्रवात सोडतात; ते नळीतून वाहत अधिवृषणाच्या शीर्षात पोचते, तेथील भिंतीवरच्या रॉस-१ या ग्राहीला जुळते आणि त्यामुळे ती भिंत प्रौढ होऊन ओव्हीसीएच-२ हे कापणारे विकर स्रवू लागते, जे अ‍ॅडम-३ च्या छाटणीसाठी लागते. म्हणजे आपल्याला पक्व करणाऱ्या अवयवाला तयार करण्याचा निरोप जननपेशीच आधी पुढे धाडतात. रक्ताऐवजी नळीतील द्रवातून निरोप पाठवण्याची ही पद्धत फार पूर्वी तर्काने सुचवली गेली होती; तिचा वाहक मात्र यानिमित्ताने हाती लागला.

तिसऱ्या प्रकारचा बदल अधिक चमत्कारिक आहे, कारण त्यात प्रथिन तेच राहून त्याचा व्यवसाय बदलतो. सेलेनियमयुक्त जीपीएक्स-४ हे प्रथिन वाढत्या शुक्राणूत विद्राव्य विकर म्हणून वावरते आणि पटलातील मेदांना ऑक्सिडीकरणापासून वाचवते. तेच पक्व शुक्राणूत इतर प्रथिनांशी गंधकबंधांनी बांधले जाऊन, विकराची क्रिया गमावून, मानेखालील भागातील ऊर्जाकणांभोवतीच्या आवरणाचा निम्म्याहून अधिक हिस्सा बनते. सेलेनियमच्या तीव्र कमतरतेत नर प्राण्यांच्या शुक्राणूंचा हा मधला भाग कमकुवत होऊन तुटतो, या जुन्या निरीक्षणाचे कारण १९९९ मध्ये असे सापडले. यावरून सेलेनियमच्या गोळ्या सर्रास घ्याव्यात असा अर्थ काढणाऱ्या जाहिरातींवर मात्र विश्वास ठेवण्याचे कारण नाही. कमतरता नसलेल्याला जास्तीच्या सेलेनियमने अपाय होऊ शकतो.

वीर्यस्खलनाच्या वेळी वीर्याशय आणि पुरःस्थ ग्रंथी यांचे स्राव शुक्राणूंत मिसळतात आणि प्रथिनांचा आणखी एक थर चढतो. वीर्याशयातील सेमिनोजेलिन या प्रथिनामुळे वीर्य आधी गोठते आणि पुरःस्थ ग्रंथीतून आलेले पीएसए हे विकर त्याचे तुकडे केल्यावर साधारण १५ ते ३० मिनिटांत पातळ होते. पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगाच्या शंकेने रक्तात मोजले जाणारे पीएसए ते हेच. सेमिनोजेलिन शुक्राणूवरील एपिन या प्रथिनाला चिकटून त्याची चाल रोखून धरते. २००४ मध्ये मायकेल ओरँड यांच्या गटाने नर माकडांना एपिनविरोधी लस दिली तेव्हा पुरेशी प्रतिपिंडे तयार झालेल्या नऊपैकी सात नरांपासून गर्भधारणा झाली नाही, आणि लस थांबवल्यावर त्या सातांपैकी पाच पुन्हा जननक्षम झाले. पुरुषासाठी संप्रेरकविरहित गर्भनिरोधक शोधणाऱ्यांचे लक्ष तेव्हापासून अशा प्रथिनांवर खिळले आहे.

एवढे सोपस्कार पार पडलेला शुक्राणूही ताबडतोब फलन करू शकत नाही, हे १९५१ मध्ये अमेरिकेत मिन च्युए चांग यांनी आणि ऑस्ट्रेलियात कॉलिन ऑस्टिन यांनी परस्परांशी संबंध नसताना दाखवले. स्त्रीच्या जननमार्गात काही तास घालवल्यावरच त्याला ती क्षमता येते. या घडामोडीला कपॅसिटेशन म्हणतात, आणि तिचे वैशिष्ट्य असे की अधिवृषणाने आणि वीर्याने घातलेली बरीच आवरणे तीत उतरवली जातात. अल्ब्युमिन शुक्राणूच्या पटलातील कोलेस्टेरॉल ओढून घेते, पटल लवचीक होते; स्त्रीमार्गातील बायकार्बोनेट आत शिरून एका विकराला चेतवते, त्यातून सायक्लिक एएमपी हा संदेशवाहक रेणू वाढतो आणि अखेर शेपटीतील अनेक प्रथिनांच्या टायरोसिन या अमिनो आम्लावर फॉस्फेटचे गट चढतात. १९९५ मध्ये पाब्लो व्हिस्कोंटी आणि ग्रेगरी कोफ यांच्या गटाने उंदरांत हा क्रम उलगडला. भारतात हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेत एस. शिवाजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅमस्टरच्या शुक्राणूंत टायरोसिनवर फॉस्फेट चढणारी प्रथिने ओळखण्याचे महत्त्वाचे काम केले. कपॅसिटेशनच्या याच टप्प्यात शेपटीवरील कॅटस्पर नावाच्या मार्गिकेतून कॅल्शियम आत शिरते आणि शेपूट चाबकासारखे जोरात फटकारू लागते. नव्या प्रथिनाचा एक रेणूही न घडवता, केवळ असलेल्यांवर रासायनिक खुणा चढवून आणि उतरवून, पेशीचे सारे वर्तन पालटते.

प्रयोगशाळेतील फलन या ज्ञानावाचून शक्य झाले नसते. शुक्राणूला योग्य द्रवात तयार करण्याची कृती हाती आल्यावरच ते यशस्वी होऊ लागले, आणि ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून, परळच्या प्रजनन संशोधन संस्थेच्या सहकार्याने, या पद्धतीने ज्या बालिकेचा जन्म झाला तिच्यामागेही शुक्राणू धुऊन कपॅसिटेशन घडवण्याची ही पायरी होती.

स्त्रीबीजाजवळ पोचल्यावर अ‍ॅक्रोसोम फुटतो आणि त्याखाली तोवर झाकून ठेवलेले इझुमो-१ हे प्रथिन उघडे पडते. ओसाका येथे २००५ मध्ये सापडलेल्या या प्रथिनाला विवाहाशी जोडल्या गेलेल्या एका जपानी देवस्थानाचे नाव मिळाले, आणि स्त्रीबीजावरील त्याची जोडीदारीण २०१४ मध्ये इंग्लंडमध्ये सापडली तेव्हा तिला रोमनांच्या विवाहदेवतेचे, जुनोचे. या दोघांची गाठ पडल्याशिवाय सस्तन प्राण्यांत फलन होत नाही.

१९९२ पासून रूढ झालेल्या इक्सी या पद्धतीत शुक्राणू बारीक सुईने थेट स्त्रीबीजात सोडला जातो, आणि तीत वृषणातून काढलेला, अधिवृषण न पाहिलेला शुक्राणूही चालतो. याचा अर्थ पृष्ठभागावरची एवढी सारी उलाढाल ही स्त्रीबीजापर्यंत पोचण्यासाठी आणि आत शिरण्यासाठी आहे; आत गेल्यावर महत्त्व उरते ते प्रामुख्याने प्रोटामिनने जपलेल्या डीएनएला. इक्सीने असंख्य दांपत्यांचा प्रश्न सोडवला हे खरे, परंतु दोष कोणत्या प्रथिनात आहे हे शोधण्याची निकड तिने कमी केली, हेही तितकेच खरे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या नियमावलीत दर मिलिलिटरला १ कोटी ६० लाख शुक्राणू, ४२ टक्के हालचाल आणि ४ टक्के सुघड आकार या खालच्या मर्यादा दिल्या आहेत. ज्यांच्या पत्नींना वर्षभरात गर्भ राहिला अशा पुरुषांतील सर्वांत खालच्या पाच टक्क्यांची ती सीमारेषा आहे, जननक्षमतेची खात्री नव्हे. कॅटस्पर मार्गिका निकामी असलेल्या पुरुषांचे अहवालही या मोजमापांत बिनचूक येऊ शकतात. त्यामुळे अहवालावर ‘नॉर्मल’ छापलेले पाहून पुरुषाची बाजू निकालात काढणे आणि पत्नीच्या तपासण्यांची मालिका लावणे हे शास्त्राला धरून नाही. मूल होण्यास विलंब होत असेल तर दोघांनी तपासणीला एकाच वेळी सुरुवात करावी, पुरुषाला मधल्या काळात मोठा ताप येऊन गेला असेल तर डॉक्टरांना तसे सांगून सुमारे तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करून घ्यावी, आणि संख्या चांगली असूनही गर्भ राहत नसेल तर डीएनएच्या अखंडतेची चाचणी उपयोगी पडेल का, हे तज्ज्ञांना विचारावे.